वळणावर गावलेली टोपी

गाडीच्या चाकाची टोपी पडली की माणूस आधी रस्त्याला शिव्या घालतो, मग पंक्चरवाल्याला, आणि मग माझ्याकडे येऊन मला. पहिल्या दोघांना त्या ऐकू जात नाहीत, म्हणून सगळा साठा माझ्यासाठी शिल्लक असतो. बावीस वर्षं मी कसाल-मालवण रस्त्यावर, कट्ट्याच्या अलीकडे, एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या व्हील कॅप विकतो. नाव रघुनाथ, पण तालुक्यात मला 'टोपीवालो रघू' म्हणतात. मराठीत टोपी घालणं म्हणजे काय हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक असतं. त्यामुळे माझी पाटी वाचूनच ती सावधपणे गाडीतून उतरतात.

ज्यांच्याकडे गाडी नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. टोपी म्हणजे चाकाच्या लोखंडी रिमवर बसवलेलं प्लास्टिकचं ताट. तिचा उपयोग काय? काही नाही. ती नसली तरी गाडी तेवढीच पळते, तेवढंच पेट्रोल पिते आणि तेवढ्याच खड्ड्यांत जाते. फक्त आतलं गंजकं लोखंड दिसतं, आणि आपलं लोखंड चारचौघांत उघडं पडलेलं कुणालाच आवडत नाही. माझा संसार या एका लाजेवर चालला. टोपीच्या पाठीमागे प्लास्टिकचे लॉक असतात, ते रिमच्या कडेत अडकतात. हवा भरायच्या नळीसाठी एक खाच असते. ती खाच नळीवर न आणता पंक्चरवाला हातोड्यानं टोपी ठोकतो, आणि तिसऱ्या गतिरोधकावर ती बिचारी संसाराला कंटाळून निघून जाते.

नव्या टोप्या चाराच्या संचात मिळतात. पडते मात्र एक. त्या एकीसाठी लोक माझ्याकडे येतात.

जुनी टोपी घेताना काय बघावं तेही सांगून टाकतो, होऊ दे तोटा झाला तर. टायरच्या अंगावर 'आर' अक्षरापुढे आकडा असतो, तेरा, चौदा, पंधरा. तो वाचून यावं. 'लाल गाडीची द्या' असं सांगू नये. टोपी उलटी करून लॉक तपासावेत. चांदीचा रंग फारच ताजा दिसला तर नखानं खरवडून बघावा, खाली बहुधा भेग असते. हे ज्ञान मी बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला दिलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका सरकारी साहेबांना एका जुन्या टोपीचं पक्कं बिल हवं होतं, वर एक वर्षाची हमी. मी विचारलं, "साहेब, रस्त्याची हमी तुम्ही देता काय?" ते टोपी न घेता गेले. गणपतीला मुंबईहून येणारे एक पाहुणे दरवर्षी आमचं नातं नव्यानं शोधून काढत. पहिल्या वर्षी ते माझ्या मावशीच्या दिराचे जावई होते; टोपीचा भाव वाढत गेला तसे ते जवळ येत गेले, आणि शेवटी आम्ही जवळजवळ सख्खे भाऊ झालो.

आता माल येतो कुठून? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर देत आलो, "कोल्हापूरसून इलो." बराचसा खरंच तिथल्या भंगारातून येतो. पण काही माल रस्त्यावर पडलेला असतो. सकाळी लवकर स्कूटर घेऊन निघालं की वळणं, खड्डे, गतिरोधक या माझ्या बागा. आंबे वेचावेत तशा मी टोप्या वेचल्या. नजर इतकी तयार झाली की पालापाचोळ्यातला करड्या प्लास्टिकचा कोपरा मला स्कूटरवरून दिसतो. या नजरेचा मला फार अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी संपून पर्यटकांचा हंगाम सुरू झालेला. मी सहाच्या सुमाराला कसालला निघालो होतो, कोल्हापूरचा ट्रक गाठायला. नीट उजाडलं नव्हतं. गावाबाहेरच्या वडाच्या वळणावर उजव्या कडेला, गवताच्या तोंडाशी, चौदा नंबरची टोपी उभी टेकून राहिलेली दिसली. कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवावी तशी. मी स्कूटर थांबवली, टोपी उचलली, उलटी करून बघितली. एक लॉक तुटलेला, बाकी माल फक्कड. "गावली!" असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. खालच्या चरातल्या झाडीत काहीतरी हललं आणि कण्हल्यासारखा आवाज आला. रात्रभर मोकाट राहिलेलं एखादं जनावर असेल असं मी ठरवलं. ठरवलं म्हणतो, कारण बघितलं नाही. टोपी डिकीत घातली आणि गेलो.

ट्रक त्या दिवशी आलाच नाही. मी साडेआठला शेडवर परतलो, येताना वळणावर कुणीच दिसलं नाही; टोपी साबणाच्या पाण्यात घालून नारळाच्या सोडणानं घासली, तुटलेल्या लॉकच्या जागी काळी प्लास्टिकची टाय बांधता येईल अशी दोन भोकं पाडली आणि ती भिंतीवर टांगली.

अकराच्या सुमाराला देवबागचा उमेश आला. त्याची घरगुती निवासाची चार खोल्यांची जागा होती आणि पाहुण्यांना फिरवायला दोन गाड्या. माझं त्याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं आणि त्याच्याइतकं त्रासदायकही. एका टोपीसाठी तो तासभर घासाघीस करायचा, मध्येच उठून निघून जायचा, गाडी सुरू करायचा, परत यायचा. मला ते नाटक आवडायचं. त्या दिवशी तो गाडीतून उतरला तेव्हा त्याची बायको सुषमा आतच बसून होती, समोर बघत.

"रघूकाका, फुडच्या डाव्या चाकाची टोपी पडली. हीच व्हयी," त्यानं सरळ भिंतीवरच्या ओल्या टोपीकडे बोट केलं.

मी काढून दिली. त्यानं ती हातात धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"ही खंय गावली तुमका?"

"कोल्हापूरसून इली," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय.

त्यानं श्वास सोडला. भाव विचारला, मी दुप्पट सांगितला, घासाघीस सुरू व्हावी म्हणून. त्यानं मुकाट पैसे काढून दिले. मीच टोपी चाकावर बसवली आणि तुटलेल्या लॉकच्या जागी माझी काळी टाय आवळली. तो गेला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला एखादा नाटकवाला तिसरा अंक न करताच घरी गेल्यासारखं वाटलं.

दुपारी जेवताना बातमी कळली. भिकूतात्या वडाच्या वळणावरच्या चरात सापडले. तात्या म्हणजे आमच्या गावचे निवृत्त एसटी कंडक्टर. रोज पहाटे टॉर्च घेऊन निघायचे आणि देवाच्या पूजेसाठी लोकांच्या फाटकांवरची जास्वंदी तोडायचे. माझ्या शेडवरून जाताना विचारायचे, "काय रे, आज कोणाच्या गाडयेचे कपडे काढलंस?" कुठल्या तरी गाडीनं त्यांना उडवलं होतं. एक मांडी मोडलेली, डोक्याला मार. पावणेसातला दूध घेऊन जाणाऱ्या एका बाईला ते दिसले, आणि तिनं आरडाओरडा करून माणसं जमवली. त्यांना ओरोसच्या सरकारी रुग्णालयात नेलं होतं आणि ते शुद्धीवर नव्हते.

घास तसाच ताटात राहिला. पावणेसात. मी तिथे सहाला होतो.

संध्याकाळी पोलीस शेडवर आले. हवालदारानं कागदाच्या पुडीतून एक करड्या प्लास्टिकचा तुकडा काढला. "रघू, तू या विषयातला पंडित. हे काय आहे सांग." तो टोपीचा लॉक होता. कुठल्या टोपीचा, ते माझ्या बोटांना आधी कळलं आणि मला नंतर.

"टोपीचाच तुकडा दिसतो," मी म्हणालो. "पण अशा हजारो असतात, साहेब."

पंडितानं चार दिवस तोंड बंद ठेवलं. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि सगळी सुबक होती. उमेशचा बाप माझ्याबरोबर शाळेत होता. उमेशची दोन लहान मुलं. त्यानंच केलं हे कशावरून? शिवाय मी काय सांगणार होतो? पुरावा मी रस्त्यावरून उचलला, साबणानं धुतला आणि ज्याचा होता त्यालाच दुप्पट भावानं विकला, असं? एवढी कार्यक्षमता गुन्हेगारांतही सापडत नाही.

पाचव्या दिवशी कळलं की तात्यांच्या मांडीत सळई घातली, पण ते अजून माणसं ओळखत नाहीत. मी स्कूटर काढली आणि देवबागला गेलो. उमेश अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होता. मला बघून त्याच्या हातातला चिमटा पडला.

"काका, ती टोपी कोल्हापूरची नव्हती मा?" त्यानंच विचारलं.

"नाय."

तो पायरीवर बसला. पाहुण्यांना पहाटे स्टेशनवर सोडून सुषमाबरोबर परत येताना त्याला डुलकी लागली होती. "मी थांबणार होतंय, काका. पाय बिरेकवर ठेवलेलो. मगे म्हटलंय, मेलो आसलो तर? म्हणान पाय काढलंय." सुषमा दारात उभी होती. ती म्हणाली, "मी ओरडत होतंय, थांबा, थांबा म्हणान. ह्येंनी आयकूक नाय."

"आज सांजपर्यंत तू स्वतः ठाण्यात जा," मी म्हटलं. "नायतर मी जातंय."

तो मान हलवून हो म्हणाला, आणि गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. टोपी वळणाजवळ मिळाली, धुऊन विकली, एवढं सांगितलं. पोलिसांनी देवबागला जाऊन गाडी बघितली. चाकावर माझी टाय होती, आणि टाय कापल्यावर त्या जागी तो तुकडा असा बसला की हवालदारानं शाबासकी दिली. मी किती वाजता टोपी उचलली हे त्यांनी विचारलं तेव्हा मी "पहाटे" म्हणालो. पहाट ही फार सोयीची वेळ आहे. तिला काटे नसतात.

मग माझे चांगले दिवस आले. तालुक्याच्या वार्ताहरानं माझा फोटो काढला, मागे टोप्यांची भिंत. खाली छापून आलं, 'दक्ष नागरिकामुळे गुन्ह्याचा उलगडा'. ग्रामपंचायतीत सत्कार झाला. शाल, नारळ, आणि दोन भाषणं, ज्यांत एका वक्त्यानं माझ्या 'गरुडाच्या नजरेचं' कौतुक केलं. लोक गाडी थांबवून मला बघायला येत आणि भिडेखातर एखादी टोपी घेऊन जात. सत्काराची शाल मी शेडमध्ये खुंटीवर लावली होती, दिसेल अशी. आज ते लिहिताना पेन जड होतं, पण लावली होती.

तीन आठवड्यांनी तात्या घरी आले आणि पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला. तो गावभर पसरायला वेळ लागला नाही. तात्यांनी सांगितलं होतं की धक्का बसल्यावर ते चरात पडले. नंतर बऱ्याच वेळानं गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी उतरलं. "गावली" असं म्हणालं. आपण सापडलो असं समजून त्यांनी हात हलवला, कण्हले. मग तो माणूस गाडी सुरू करून निघून गेला.

गावानं याचा अर्थ लगेच लावला. उमेश परत आला होता. फक्त आपली टोपी शोधायला, आणि तात्या जिवंत आहेत हे बघूनही निघून गेला होता. पण टोपी त्याला मिळालीच नव्हती, मग 'गावली' कशी, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. संतापलेल्या माणसांना हिशेब जुळवायचा कंटाळा असतो. तोवर निदान 'घाबरलो असतलो' म्हणणारे चार लोक उमेशच्या बाजूनं होते. तेही गेले. त्याच्याकडे आरक्षण केलेल्या पाहुण्यांना कुणीतरी फोन करून सांगू लागलं. शाळेत त्याच्या मुलीला पोरांनी "गावली, गावली" म्हणून चिडवलं. मी शेडमध्ये बसून हे सगळं ऐकत होतो आणि लोकांबरोबर मान हलवत होतो.

मग एका दुपारी सुषमा आली. एसटीनं, एकटी. स्टुलावर बसली नाही.

"काकानू, ह्येंनी केला ता केला. त्येची काय ती शिक्षा होवंदे. माकाय होवंदे, मी गप रवलंय. पण आमी परत गेलेलंव नाय. मी गाडयेत होतंय. सरळ घराक इलंव. ता कोणीच खरा मानणा नाय. तुमकाच काय म्हायत आसात तर सांगा. टोपी तुमका गावली, मगे थंय दुसरो कोण इलेलो काय?"

ती माझ्यावर संशय घेत नव्हती. तेच वाईट होतं. ती दक्ष नागरिकाला विचारत होती.

"बघतंय," मी म्हणालो. ती गेल्यावर मी शाल खुंटीवरून काढली, शटर ओढलं आणि निघालो.

ठाण्यात काय झालं ते आधी सांगतो, कारण ते सोपं होतं. दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलला. वेळ सहा. थांबलो मी. बोललो मी. उतरलो मी. हवालदारानं लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहू लागला. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उमेशवरचा खटला चालू आहे, तो त्याचा त्यानं भोगायचा. पण परत येऊन निघून गेल्याची गोष्ट त्याच्या नावावरून निघाली. वार्ताहर या वेळी फोटो काढायला आला नाही. चांगली बातमी एकदाच छापतात.

अवघड होतं ते आदल्या संध्याकाळचं. मी शटर ओढून आधी तात्यांकडे गेलो होतो. मला पोलिसांपेक्षा त्यांची भीती जास्त होती.

तात्या पडवीत खाटेवर होते. मांडीपासून खाली पाय उशीवर ठेवलेला, शेजारी चालायची चौकट. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये रे, टोपीवाल्या! तुझो फोटो बघलंय पेपरात. बरो इलोहा, माझ्यापेक्षा." काकींना त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. आणि मग मला म्हणाले, "तुझे उपकार झाले. नायतर तो मेलो उमेश सुटलो असतो."

मी उभ्यानंच सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

"तात्या, परत इलेलो तो उमेश नव्हतो. मी होतंय. टोपी दिसली म्हणान थांबलंय. 'गावली' मीच म्हटलंय. तुमचो आवाज माका आयकाक इलेलो. जनावर समाजलंय. बघूक नाय."

पडवीत पंखा फिरत होता. आत काकींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. तात्यांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं आता ते मला बाहेर काढतील. तीस वर्षं चालत्या गाडीतून माणसं उतरवलेला माणूस.

"मी हात वर केलेलंय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"होय."

"ह्या पोलिसांक सांगलंस?"

"उद्या सांगतलंय."

"सांग. एकाचा तिकीट दुसऱ्याच्या नावार फाडूचा नाय." मग त्यांनी डोळे उघडले. नजर माझ्यावर नव्हती, उशीवरच्या पायावर होती. "टोपी बरी होती?"

"एक लॉक तुटलेलो. बाकी बरी होती."

"तुटलेली आसान उचललंस?"

"एक लॉक तुटलेलो चलता, तात्या. टाय बांधली की झाला."

"रघू," तात्या म्हणाले, "माझोय एकच पाय तुटलेलो रे."

काकी चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी तात्यांच्या हातात दिला, दुसरा माझ्या अंगावरून नेऊन लांब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी तसाच उभा. तात्यांनी दोन घोट घेतले, खाटेवर थोडं सरकून पायाशी जागा केली आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"घे तो कप, आणि बस हंय," ते म्हणाले. "निवान जायत."